‘जीव नकोसा वाटतो का?’ असं विचारायला हवं

कापसाची वेचणी सरत आलेली असते. घरातला कर्ता माणूस पारावर जायचं सोडतो, ताटातली भाकरी अर्धी ठेवतो, पहाटे तीनलाच उठून ओट्यावर बसतो. जळगाव असो की धुळे, असा माणूस दवाखान्यात आलाच तर डोकेदुखी नाहीतर छातीतली धडधड सांगतो. मनाचं सांगत नाही. घरचे म्हणतात, टेन्शन आहे, होईल बरं. कुणी ‘बाहेरचं’ समजून भगताकडे नेतं. यात महिने जातात.

हे महिने वाचवायला गावात डॉक्टर असलाच पाहिजे असं नाही. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा उपक्रम झाला. बचत गट, शेतकरी मंडळांतली गावातलीच माणसं शिकवून तयार केली. ती दुःखी माणसाशी चार ते सहा वेळा निवांत बोलत, आणि आजार मोठा वाटला तर दवाखान्यात पाठवत. पुढे हेच काम गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नेलं गेलं.

उदासी दोन आठवडे हटत नसेल तर जवळच्याने एकटं गाठून विचारावं. ‘झोप लागते का?’ इथून सुरुवात सोपी जाते. मग सरळ विचारावं, ‘जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो ही निव्वळ भीती आहे. उलट माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं, तर त्याला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्याआधी खाटेखालचा फवारणीच्या औषधाचा डबा घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवावा. हातात विष नसेल तर ती घडी बऱ्याचदा टळते. उपदेश मात्र नको. ‘लोकांचं बघ, तुझं काय एवढं?’ या वाक्याने बोलणंच बंद होतं.

ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत, मराठीतही बोलता येतं. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. पहिल्या खेपेला कुणीतरी सोबत जावं; केस पेपरच्या रांगेतूनच परत फिरणारे कमी नाहीत.

उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून पट्टी ताकावर ठेवली जाते. खरी सोबत लागते ती त्याच आठवड्यात.