सामायिक सागरी मत्स्यालय प्रणाली

सामायिक सागरी मत्स्यालय प्रणाली म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दोन किंवा अधिक काचेच्या टाक्या पाइपांनी जोडून त्या सर्वांचे पाणी एकाच तळटाकीतून फिरवण्याची व्यवस्था. प्रवाळ, समुद्रपुष्पे आणि प्रवाळखडकांतील मासे पाळणारे हौशी लोक, विक्रेते व सार्वजनिक मत्स्यालये ती वापरतात. टाक्या दिसायला वेगळ्या असल्या, तरी पाण्याच्या दृष्टीने ती एकच टाकी असते. या व्यवस्थेचे लाभ आणि धोके दोन्ही याच एका गोष्टीतून उद्भवतात.

इतिहास

ही कल्पना नवी नाही. लंडनजवळील सिडनहॅम येथे १८७१ मध्ये उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात विल्यम आल्फर्ड लॉइड यांनी प्रदर्शनाच्या टाक्यांखाली त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे अंधारे जलकुंड बांधले व त्यातील समुद्रपाणी पंपाने सतत फिरते ठेवले. महाराष्ट्रात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. समुद्र तेथे रस्ता ओलांडताच आहे. अमरावती जिल्ह्यातील मोर्शीसारख्या गावापासून मात्र तो पाचशेहून अधिक किलोमीटर दूर असल्याने पाण्याचा प्रत्येक लिटर घरीच तयार करावा लागतो.

रचना

प्रत्येक टाकीतील पृष्ठभागाचे पाणी ठरावीक उंचीवरून ओसंडून, गुरुत्वाकर्षणाने तळटाकीत उतरते. तेथे गाळणी, फेस काढणारे प्रोटीन स्किमर, हीटर किंवा चिलर असतात. तेथून पंप ते पुन्हा वर चढवतो. पाच टाक्यांसाठी पाच स्किमर घेण्याऐवजी एक मोठा पुरतो, क्षारता तपासण्याचे व पाणी बदलण्याचे काम एकदाच होते, आणि साठा मोठा असल्यामुळे पाण्याचे गुणधर्म सावकाश बदलतात.

वीज गेल्यावर काय होईल, याचा हिशेब रचनेपूर्वीच करावा लागतो. १२० × ४५ सेंमी आकाराच्या टाकीतील पातळी ओसंडण्याच्या कडेपर्यंत २.५ सेंमी उतरली, तर १३.५ लिटर पाणी खाली येते. पाच टाक्यांचे ६७.५ लिटर. तेवढी जागा तळटाकीत कायम रिकामी हवी. परतीच्या पाइपाचे तोंड पाण्यात १५ सेंमी बुडलेले असेल, तर वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी उलटे ओढले जाऊन प्रत्येक टाकीतून सुमारे ८१ लिटर, म्हणजे पाच टाक्यांतून चारशेहून अधिक लिटर पाणी उतरते, आणि ते बहुधा फरशीवरच जाते. म्हणून त्या पाइपाला पृष्ठभागालगत छिद्र पाडतात. हे छिद्र शेवाळाने बुजते. ते वेळोवेळी साफ करणे आवश्यक असते. एकदिशा व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नये, कारण त्यात चुन्याचा थर साचून तो अडकतो. एकाच पंपावर सर्व टाक्या अवलंबून असल्याने दोन लहान पंप बसवणे अधिक शहाणपणाचे. भारनियमनाच्या काळासाठी प्रत्येक टाकीत इन्व्हर्टरवर चालणारा हवेचा पंप स्वतंत्र ठेवतात.

पाणी

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. वऱ्हाडात पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरीचे खारे पाणी चालेल, असे एखाद्याला वाटू शकते. ते चालत नाही. समुद्रात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांचे परस्परप्रमाण जवळपास सर्वत्र सारखे असते, तर भूजलात ते तसे नसते. प्रवाळाला कॅल्शियम साधारण ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रतिलिटर व मॅग्नेशियम १३०० च्या आसपास लागते. त्यामुळे आरओ यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात तयार क्षारमिश्रण विरघळवतात. हजार लिटरला ३५ किलोहून थोडे अधिक मिश्रण लागते. आरओ यंत्र मिळालेल्या पाण्याच्या दुपटीतिपटीने पाणी टाकून देते. मोर्शी व वरूड या संत्र्यांच्या तालुक्यांत भूजलाचा उपसा आधीच अतोनात झालेला असल्याने हे टाकाऊ पाणी धुण्याभांड्यासाठी साठवणे उचित ठरते.

उष्णता

बहुतेक प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. वैदर्भीय उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पण हवा कोरडी असते, आणि ज्या कारणाने वाळ्याचा कूलर चालतो त्याच कारणाने तळटाकीवर सोडलेला साधा पंखाही पाणी गार करतो. एक लिटर पाण्याचे बाष्प झाले, की हजार लिटरचे तापमान अर्ध्या अंशाहून थोडे अधिक उतरते. बाष्प होताना क्षार मात्र मागेच राहतात. वीस लिटर उडाले, की क्षारता ३५ वरून ३५.७ होते, म्हणून भर घालताना गोडे पाणीच घालतात. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर हा उपाय दुबळा पडतो आणि चिलरला पर्याय उरत नाही.

रोग व विषारी द्रव्ये

सामायिक पाण्याचा सर्वांत मोठा दोष येथे दिसतो. माशांवर पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एका टाकीत शिरला, की त्याची पोहणारी पिल्ले पाइपांतून सर्व टाक्यांत पोहोचतात. त्यावर तांब्याचे औषध गुणकारी आहे, परंतु तेच प्रवाळ, कोळंबी व गोगलगायींना मारते. त्यामुळे जोडलेल्या टाक्यांत औषध घालता येत नाही. मासे वेगळ्या टाकीत हलवून मूळ प्रणाली सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. काही मऊ प्रवाळ शेजारच्या प्रवाळांना बाधणारी द्रव्ये पाण्यात सोडतात. ती शोषण्यासाठी सक्रिय कार्बन वापरतात. प्रत्येक टाकीच्या दोन्ही पाइपांना बॉल व्हॉल्व्ह बसवले, तर टाकी तत्काळ तोडता येते. तथापि लक्षण दिसेपर्यंत पाणी बहुधा अनेकदा फिरून गेलेले असते. म्हणून नव्या जिवांसाठी विलगीकरणाची टाकी स्वतंत्रच असावी. तिचे जाळे, बादली व नळीसुद्धा वेगळी ठेवतात. खर्च वाचवण्यासाठी हीच टाकी जोडून घेणे ही या छंदातील सर्वांत महागडी काटकसर होय.

कायदा

भारतात खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा अन्य ठिकाणाहून प्रवाळ, अगदी मृत तुकडाही, टाकीसाठी उचलून आणणे हा गुन्हा आहे. जिवाणूंच्या वाढीसाठी वापरला जाणारा प्रवाळखडकही यातून सुटत नाही. त्याऐवजी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे वापरता येतात आणि नायट्रोजनचक्र चालवणारे जिवाणू त्यांवर काही आठवड्यांत स्थिरावतात.