नारळ वाचला, पतंग संपला

गेवराई, माजलगाव, धारूर या बाजारपेठांत कापसाचा व्यवहार करणाऱ्या आपल्या कुटुंबांना गुलाबी बोंडअळीची ओळख करून देण्याची गरज नाही. २०१७ च्या हंगामात तिने शेतकऱ्याचे आणि त्यासोबत व्यापाऱ्याचेही गणित बिघडवले. ही अळी म्हणजे एका लहानशा पतंगाचे बालरूप. फिजी बेटांवर अशाच एका पतंगाचा इतिहास घडला. तो आपण जाणून घ्यावा असा आहे.

प्रशांत महासागरातील विती लेवू बेटावर निळसर झळाळीचा ‘लेव्हुआना’ पतंग होता. त्याच्या अळ्या नारळाची पाने खरवडून खात आणि झाडे फळेनाशी होत. सुके खोबरे हा तेथील मोठा व्यापार. कीड शेजारच्या बेटांवर पोहोचली, तेव्हा कीटकशास्त्रज्ञ जॉन टॉटहिल यांच्या देखरेखीखाली १९२५ मध्ये मलायातून एक परजीवी माशी आणण्यात आली. ही माशी अळीवर अंडी घालते. तिची पिल्ले अळीला आतून खातात. काही महिन्यांतच कीड आटोक्यात आली. नारळ वाचला.

परंतु ही माशी केवळ लेव्हुआनावर अवलंबून नव्हती; इतर पतंगांच्या अळ्यांवरही ती जगे. म्हणून लेव्हुआना दुर्मिळ झाला तरी माशी टिकली, आणि उरल्यासुरल्या अळ्यांनाही आसरा राहिला नाही. गेली कित्येक दशके हा पतंग कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही. आज त्याची गणना नामशेष जातींत होते.

बागायतदारांचे नुकसान खरे होते. त्यांना दोष देणे सोपे आहे. मात्र एक चतुरिंद्रिय जीवजाती पृथ्वीवरून कायमची गेली, हेही तितकेच खरे.

जीवांची उत्पत्तीच होऊ नये इतकी स्वच्छता राखावी, ही आपल्या घराघरांतील यतना. कापसालाही ती लागू पडते. बोंडअळी सरकीत दडून पुढील हंगामाची वाट पाहते. शेतकऱ्याने फरदड न घेता वेळीच पऱ्हाट्या काढल्या आणि आपण जिनिंगच्या आवारात किडकी सरकी साचू दिली नाही, तर पुढची फवारणी कमी होते. संहाराची वेळ येऊ न देणे, हे व्यापाऱ्याच्याही हाती आहे.