पट्टी निघावी, रंग निघू नये!

गॅरेजवाल्या कारागीर बांधवांसाठी काही कामाच्या गोष्टी

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपले असंख्य बांधव आहेत. कोणी डेंटर आहे, कोणी पेंटर, कोणी सीट-कव्हरचा कारागीर, तर कोणाचे सुट्या भागांचे दुकान आहे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत फेरी मारली की या धंद्याचा पसारा लक्षात येतो. या लोकांच्या हातात हुनर आहे, याविषयी शंका नाही. पत्र्याचा खड्डा हातोडीने उचलून असा सपाट करतील की बोट फिरवूनही कळू नये. परंतु हेच काम पुष्कळदा एका क्षुल्लक गोष्टीपायी बदनाम होते. दाराची पट्टी, डिक्कीवरचा मोनोग्राम किंवा काचेखालचे रबर काढताना पेचकस निसटतो आणि रंगावर ओरखडा उमटतो. गिऱ्हाईक खड्डा विसरतो, ओरखडा मात्र विसरत नाही.

हिशेबाच्या दृष्टीनेही हे पाहावे. समजा, एक पट्टी काढून परत बसविण्याची मजुरी २०० रुपये ठरली. ओरखडा क्लिअरच्या खाली उतरला तर मेटॅलिक रंगावर नुसता ठिपका लावून भागत नाही. तो डाग उन्हात वेगळा दिसतो आणि अखेर सबंध दार रंगवावे लागते. ते काम ३००० रुपयांचे धरले, तर पंधरा पट्ट्यांची मजुरी एका झटक्यात गेली. आणि गेलेले गिऱ्हाईक वेगळेच.

मग पट्टी काढायचीच कशाला?

कित्येक गॅरेजमध्ये पट्टी, हँडल, रबर जागेवरच ठेवून त्यावर मास्किंग टेप लावतात आणि रंग मारतात. वेळ वाचतो, हे खरे. पण पट्टीच्या कडेखाली साचलेली धूळ, मेण आणि जुना रंग घासलाच जात नाही. नवा रंग त्या कडेवर नुसता टेकलेला असतो. टेप काढल्यावर तेथे रंगाची बारीक कड उभी राहते, आणि पहिल्या पावसाळ्यात किंवा जोराच्या पाण्याने गाडी धुताना पापुद्रा नेमका तेथूनच सुटू लागतो. ज्याला गाडीची पारख आहे, तो जुनी गाडी घेताना सर्वांत आधी रबराच्या कडा पाहतो, त्याचे कारण हेच. पट्टी काढून केलेले काम हेच पक्के काम. म्हणून ती न दुखावता काढण्याची कला प्रत्येक पेंटरच्या हाती असलीच पाहिजे.

रंग किती जाड असतो?

कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरपर्यंतचे सारे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते सातवा हिस्सा. त्यातला वरचा क्लिअर ४० ते ५० मायक्रॉनचा. एवढ्याशा थरापुढे लोखंडी पेचकसाचे टोक म्हणजे कुदळच समजावी.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. कारखान्यात धातूच्या पत्र्यावरचा रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, तर गॅरेजचा रंग ६० अंशांच्या आसपास किंवा नुसत्या हवेवर वाळलेला असतो. खालची घासाई नीट झाली नसेल, तर असा रंग पट्टीच्या टेपबरोबर चादरीसारखा निघून येतो. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी पॅनल पूर्वी रंगविले आहे काय, हे पाहावे. रबराच्या आतल्या बाजूला रंगाचा फवारा, दाराच्या कडेला टेपची रेघ, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा या त्याच्या खुणा होत. त्या दिसल्या तर हत्यार उचलण्याआधीच गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. आधी सांगितलेली गोष्ट ही सूचना असते. तीच नंतर सांगितली तर सबब ठरते.

तयारी निम्मे काम करते

प्रथम ती जागा साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावी. पट्टीच्या कडेची धूळ हाच खरा पॉलिश पेपर आहे. जागा वाळल्यावर पट्टीच्या चहूबाजूंनी मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्यावेत. मोनोग्राम परत बसवायचा असेल तर याच टेपवर पेनाने त्याची खूण करावी आणि कडेपासूनचे अंतर मोजून लिहून ठेवावे. एका बाजूला झुकलेला मोनोग्राम गिऱ्हाइकाला दहा फुटांवरून दिसतो.

लोखंडी पेचकस व पटाशी बाजूला ठेवून नायलॉनचे ट्रिम टूल वापरावे. त्यांचा संच आता बाजारात सहज मिळतो. तो नसेल तेथे कडा घासून गुळगुळीत केलेली प्लास्टिकची पट्टी चालते. आणि काम सुरू करण्यापूर्वी मोबाईलवर चारही बाजूंचे फोटो घ्यावेत. जुने ओरखडे कोणते, यावरून पुढे वाद उरत नाही.

डबल टेपवर चिकटवलेल्या वस्तू

आजच्या गाड्यांचे मोनोग्राम आणि दारावरच्या बऱ्याच पट्ट्या फोमच्या डबल टेपवर बसविलेल्या असतात. त्या उचकटायच्या नसतात, कापायच्या असतात. केस सुकवायच्या ड्रायरने ती जागा गरम करावी. हात लावला तर चटका बसू लागेल, इतपत ऊब पुरे. हीट गन वापरायची असेल तर फार जपून; तिची हवा ५०० अंशांपर्यंत जाते आणि एका जागी क्षणभर थांबली तरी क्लिअरला फोड येतो. बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागावर ती न वापरलेलीच बरी.

टेप मऊ झाली की मासेमारीचा तंगूस घ्यावा. दोन्ही टोके लाकडाच्या तुकड्यांना गुंडाळावीत, म्हणजे बोटे कापत नाहीत. थोडे साबणाचे पाणी मारून तंगूस मोनोग्रामच्या मागे घालावा आणि करवतीसारखा हळूहळू ओढावा. तो फोमच्या मधून गेला पाहिजे, रंगावर घासत नव्हे. अडला तर जोर करू नये. पुन्हा ऊब द्यावी, किंवा मागे खिळा आहे काय ते पाहावे. काही मोनोग्रामना जागेवर बसण्यासाठी मागे बारीक खुंट्या असतात.

उरलेला चिकटा प्रथम अंगठ्याने वळवून काढावा. पुष्कळसा तसाच निघतो. राहिलेल्या भागासाठी चिकटा काढण्याचे द्रव फडक्यावर घेऊन वापरावे, तेही आधी झाकलेल्या कोपऱ्यात तपासून. ब्लेड लावू नये. थिनर तर मुळीच नको. जुन्या एनसी रंगाला तो विरघळवतो आणि प्लास्टिकची चमक मारतो. ड्रिलला लावायचे रबरी चाक कारखान्याच्या रंगावर चालते, पण हळू वेगाने आणि सतत फिरते ठेवून.

पट्टीखालचा रंग ताजा आणि भोवतालचा उन्हाने फिकटलेला असा फरक काही गाड्यांत दिसतो. कंपाउंड आणि पॉलिशने तो कमी होतो, सगळ्याच गाड्यांत पूर्ण जात नाही. हेही गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

क्लिपांवर बसवलेल्या वस्तू

चाकावरची काळी प्लास्टिकची कड, छताच्या खाचेतली पट्टी, बंपरची जाळी या वस्तू बहुधा क्लिपांवर असतात. येथे पहिला नियम असा की स्क्रू शोधल्याशिवाय ओढू नये. चाकाच्या आतल्या लायनरमध्ये, दाराच्या कडेला, रबरी बुचाखाली स्क्रू दडलेले असतात. मधे खिळा असलेल्या क्लिपेचा खिळा आधी वर उचलावा, मग क्लिप काढावी. प्लास्टिक थंडीत कडक आणि ठिसूळ होते, म्हणून हिवाळ्याच्या सकाळी गाडी थोडा वेळ उन्हात उभी करावी. ट्रिम टूल क्लिपेच्या शक्य तितके जवळ घालावे आणि एकेक क्लिप सोडवीत जावे. एका टोकाला धरून सबंध पट्टी ओढली की लॉक तुटतात.

काढलेल्या क्लिपा आणि स्क्रू पुठ्ठ्यावर गाडीचे रेखाचित्र काढून त्या त्या जागी खोचून ठेवावेत. काही क्लिपा तुटणारच. नव्या आणून ठेवल्यावरच कामाला हात घालावा.

काचेखालच्या बाहेरच्या पट्टीच्या आत बऱ्याच गाड्यांत पातळ धातू असतो. ती वाकली की सरळ होत नाही. काच पूर्ण खाली घ्यावी, दाराच्या कडेचा स्क्रू असल्यास काढावा आणि पट्टी सरळ वर उचलावी, पिळू नये. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत दाराचे हँडल कडेच्या बुचामागचा बोल्ट सैल केल्यावर सुटते. त्यासाठी दाराचे आतले पॅनल उघडावे लागत नाही.

जुन्या गाड्यांची गोष्ट

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निघून गेली आणि ॲम्बॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी हौशी मालक या गाड्या आजही दुरुस्तीला आणतात. त्यांच्या चकाकत्या पट्ट्या पत्र्यातल्या भोकांत बसविलेल्या क्लिपांवर असतात, तर मोनोग्रामच्या खुंट्या पुष्कळदा मागून नटाने कसलेल्या असतात. तेथे तंगूस कामाचा नाही. आतून नट सोडवावे लागतात. गंजलेल्या नटाला तेल देऊन थांबावे. या वस्तू नव्या मिळणे कठीण, म्हणून रंगाइतकीच पट्टीचीही काळजी घ्यावी. भोकाची कड उघडी पडली असेल तर प्रायमर लावल्याशिवाय क्लिप बसवू नये. कोकणच्या खाऱ्या हवेत गंज अशाच भोकांतून सुरू होतो.

कोठे ‘नाही’ म्हणावे?

काही नव्या गाड्यांत पुढच्या मोनोग्राममागे किंवा जाळीत रडार बसविलेले असते आणि बंपरात सेन्सर असतात. रडार थोडे जरी हलले तरी ब्रेकची आपोआप चालणारी यंत्रणा चुकू शकते. ते पुन्हा जुळविण्याचे साधन आपल्याकडे नसेल, तर ते काम घेऊ नये. पुढच्या काचेसोबत चिकटवलेली कड हीसुद्धा काचवाल्याचीच जबाबदारी. आपल्या हुनराची हद्द ओळखणे हाही हुनरच आहे.

परत बसविताना

रंग पूर्ण वाळल्याशिवाय पट्टी चिकटवू नये. जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवी डबल टेप लावावी. जुनी टेप पुन्हा वापरू नये. पट्टी सर्व लांबीवर दाबून बसवावी आणि किमान २४ तास गाडी धुऊ नये, असे मालकाला बजावावे. टेपची पूर्ण पकड बसायला तीन दिवस लागतात.

मजुरी मागायला संकोच नको

या साऱ्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे होतात. पावतीवर ‘पट्ट्या काढणे-बसविणे’ ही ओळ वेगळी लिहावी. टेप लावून रंगविण्याचा दर आणि पट्ट्या काढून रंगविण्याचा दर, दोन्ही गिऱ्हाइकापुढे ठेवावेत आणि फरक समजावून सांगावा. निवड त्याची. मात्र एकाचा दर घेऊन दुसरे काम देऊ नये. गाडी आपल्या ताब्यात असेतो ती मालकाची अमानत आहे.

शेवटी एक सूचना. शागिर्दाला पहिला धडा गिऱ्हाइकाच्या गाडीवर देऊ नका. भंगारातून एखादे दार आणून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवा आणि त्यावरची पट्टी, रबर, हँडल त्याला दहा वेळा काढून बसवू द्या. दार भंगाराच्या भावात येते. शिकलेला हात जन्मभर पुरतो.