कापरा गळा आणि माईक

गाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक स्वप्नातला माईक असतो. 'तो मिळाला की बघा माझा आवाज,' असं नवशिका गायक म्हणतो. पण माईक गळा देत नाही. मग तो देतो तरी काय? तलत महमूद यांचं गाणं आठवलं, की याचा उलगडा होतो.

1902 साली कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा माईक नव्हताच. गायकाला कर्ण्यापुढे उभं राहून गावं लागे. त्या आवाजाच्या जोरानेच सुई हले आणि मेणावर रेघ उमटे. तिथे खणखणीत गळ्याचंच काम. हलकी कुजबुज मेणापर्यंत पोचतच नसे.

1925च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. माईकमध्ये एक नाजूक पडदा असतो. आवाजाच्या लाटांनी तो थरथरतो, त्या थरथरीतून वीज निर्माण होते आणि ती वीज हवी तेवढी वाढवता येते. ओरडायची गरज संपली. हळू गाणारा माणूसही हजारोंच्या कानाशी येऊन बसला.

या नव्या सोयीचं सोनं केलं कुंदनलाल सैगल यांनी. लखनौच्या तलतचं दैवत तेच. 1924 साली जन्मलेला हा मुलगा मॉरिस कॉलेजात संगीत शिकला आणि 1939मध्ये लखनौ रेडिओवर गझला गाऊ लागला. म्हणजे त्याच्या गाण्याची सुरुवातच मुळी माईकसमोर झाली. पुढे कोलकात्यात नाव कमावून 1949मध्ये ते मुंबईला आले.

तिथे मात्र कुजबुज सुरू झाली, की या गायकाचा आवाज कापतो. तलत बिचकले आणि कंप दाबून गाऊ लागले. संगीतकार अनिल विश्वास यांनी ते ओळखलं. मला तुमचा तो कंपच हवा आहे, असं त्यांनी बजावलं. 1950च्या 'आरजू' चित्रपटात तलत आपल्या खऱ्या गळ्याने गायले आणि ज्याला लोक दोष म्हणत होते, तीच त्यांची ओळख झाली.

गझल लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यात फार मोठं सांगणं दिसतं. शेर मोठ्याने सांगायचा नसतो. तो समोरच्याच्या कानात सोडायचा असतो. शब्द संपताना सुटणारा श्वास, 'ख'ची घशातली खरखर, मिसऱ्याच्या मध्यावरची थांब, हे सारं कर्ण्याच्या काळात हरवलं असतं. माईकने ते टिपलं. त्याच्या जवळ गेलं, की बहुतेक माईकमध्ये आवाजाचा खर्ज वाढतो, ऊब येते. मात्र फार जवळ गेलं, तर 'प' आणि 'फ'चा वारा पडद्यावर आदळून फटका ऐकू येतो. म्हणून तर स्टुडिओत माईकपुढे पातळ कापडाची जाळी लावतात.

माईक किती महाग आहे, हा प्रश्न दुय्यम आहे. तो जेवढं चांगलं ऐकतो, तेवढं आपलं खोटंही स्वच्छ ऐकतो. उसना दर्द तो उघडा पाडतो आणि खरा असेल, तर कापरा गळाही लोकांच्या मनात घर करतो. तलत 1998मध्ये गेले. रात्री रेडिओवर त्यांचं गाणं लागलं, तर आवाज जरा कमी करून ऐका. ते तुमच्या एकट्यासाठीच गात आहेत, असं वाटेल.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)