शहीद द्वीपाला जाताना

अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या मनात प्रथम उभी राहते ती काळ्या पाण्याची शिक्षा आणि सेल्युलर जेलची कोठडी. १९११ साली विनायक दामोदर सावरकर त्या कारागृहात आणले गेले, तेव्हा तेथे जाणाऱ्या बंदिवानाला परतीची आशा धरणे कठीण असे. आज त्याच समुद्रात माणसे हौसेने प्रवास करतात. आणि मौज अशी की, जाणत्या प्रवाशाला आजही पहिला विचार परतीचाच करावा लागतो, अर्थात अगदी निराळ्या कारणाने. ते कारण समजून घेण्यासाठी शहीद द्वीप हे लहानसे बेट उत्तम उदाहरण आहे.

या बेटाचे जुने नाव नील. १८५७ च्या उठावात क्रूरपणाबद्दल कुप्रसिद्ध झालेल्या एका इंग्रज अधिकाऱ्यावरून ते पडले होते. आझाद हिंद सरकारने १९४३ साली अंदमानला 'शहीद' आणि निकोबारला 'स्वराज' अशी नावे दिली होती. त्या स्मृतीला अनुसरून २०१८ साली नील बेट शहीद द्वीप झाले व शेजारचे हॅवलॉक स्वराज द्वीप झाले. राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम असे जाहीर करण्यात आले. जुन्या नकाशावरून प्रवास आखणाऱ्याने दोन्ही नावे ध्यानात ठेवलेली बरी.

राजधानीपर्यंत चेन्नई, कोलकाता आदी शहरांतून विमानाने जाता येते. पुढचा सुमारे ३५ ते ४० किलोमीटरचा मार्ग मात्र बोटीचाच. सरकारी बोटीला दोन तासांच्या आसपास लागतात, खासगी जलद बोटी काहीशा लवकर पोहोचतात. तेव्हा बेटावरची निवासाची जागा ठरवून मग बोट पाहणे हा क्रम उलटा आहे. आधी जाण्याची व येण्याची बोट, मग मुक्काम, हाच खरा क्रम होय.

बोटीचे वेळापत्रक छापील असले तरी अंतिम शब्द समुद्राचा असतो. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पाणी खवळलेले असते. पुढे डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरात वादळे उठण्याचा संभव राहतो. जानेवारी ते एप्रिल हा त्यातल्या त्यात शांत काळ. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानाने बोटी बंद पडल्या आणि शहीद व स्वराज या दोन बेटांवर मिळून हजाराहून अधिक प्रवासी अडकले. नौदल व तटरक्षक दलाला त्यांच्या सुटकेसाठी धाव घ्यावी लागली. यावरून एक साधा नियम निघतो. ज्या दिवशी मायदेशी नेणारे विमान सुटणार, त्या दिवशी सकाळच्या बोटीवर विसंबू नये. आदल्या दिवशीच राजधानीत परतावे. वाया गेलेला वाटणारा तो एक दिवस सेल्युलर जेल पाहण्यात सार्थकी लागतो.

बेटावर पोहोचल्यावर दुसरे वेळापत्रक सुरू होते, ते भरती-ओहोटीचे. लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याजवळ लाटांनी कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिच्यापर्यंत ओहोटीच्या वेळीच नीट चालत जाता येते. भरती दिवसातून दोनदा येते आणि दररोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. आपल्या कोकणातील कोळी अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती तिथीवरून ओळखतात. तेच गणित येथेही चालते. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते व खडक अधिक उघडे पडतात. मात्र पाणी परतू लागताच माघारी फिरावे.

सूर्याचाही हिशेब ठेवावा लागतो. घड्याळ सर्व भारताचे एकच. परंतु हे बेट पूर्वेकडे इतके दूर आहे की हिवाळ्यात तेथे मुंबईहून तासभर आधी, पाचच्या सुमारास, सूर्य मावळतो. उशिरा उठणाऱ्याचा अर्धा दिवस तेथे बुडालाच म्हणून समजावे.

शेवटी, हे बेट केवळ प्रवाशांसाठी नाही. १९६० नंतरच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना येथे जमिनी देण्यात आल्या. त्यांनी रान साफ करून शेती फुलविली. येथील भाजीपाला राजधानीच्या बाजारात जातो. विद्यार्थी, रुग्ण, शेतकरी यांचा मार्ग तीच बोट. प्रवाशाला चुकलेली बोट म्हणजे मनस्ताप. बेटवासीयाला ती चुकली तर बाजार बुडतो, उपचार लांबतात. म्हणून जाता न येणारे तिकीट वेळेवर रद्द करावे, गोडे पाणी जपून वापरावे, आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडा तेथेच राहू द्यावा. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

लहान बेटावरचा पाहुणा असा असावा की, त्याची बोट धक्का सोडून गेल्यावर तेथे काही उणे झालेले नसावे.