स्पीकर बदलण्याआधी कान तपासा

माळ्यावर वर्षानुवर्षे पडून असलेले रेकॉर्ड प्लेअर पुन्हा खाली उतरू लागले आहेत. निवृत्तीनंतर हाताशी वेळ असतो, तबकड्यांचा गठ्ठा वडिलांच्या काळापासून जपलेला असतो आणि मुलांनाही या जुन्या यंत्राचे नव्याने कौतुक वाटू लागलेले असते. एचएमव्हीचा फिएस्टा, गॅरार्डचा टर्नटेबल, लाकडी खोक्यातले जडशीळ स्पीकर असे काहीबाही पुसून-झटकून जोडले जाते. तबकडी फिरू लागते आणि दोन मिनिटांत तक्रार येते, ‘आवाज पूर्वीसारखा राहिला नाही.’

मग खर्च सुरू होतो. नवी पिन, नव्या वायरी, नवे ट्वीटर, शेवटी नवा अॅम्प्लिफायर. आवाज थोडा सुधारतो, पण तानपुऱ्याची जवारी आणि तबल्याची चाट काही पूर्वीसारखी उमटत नाही. अशा वेळी एक साधी गोष्ट विसरली जाते. खाचेत फिरणाऱ्या पिनपासून सुरू होणारी आवाजाची साखळी स्पीकरपाशी संपत नाही. तिची शेवटची कडी म्हणजे कान, आणि तो बहुधा यंत्रापेक्षाही वयाने मोठा असतो.

यंत्राचे म्हातारपण

जुन्या यंत्रात खरोखरच अनेक दोष निर्माण होतात आणि त्यांतले बरेचसे थोड्या खर्चात दूर होतात. पहिली पाळी पिनची. हिऱ्याची पिनही झिजते. साधारण ५०० ते १००० तास वाजल्यावर ती बदलावी लागते. म्हणजे रोज तासभर ऐकणाऱ्याला दीड ते तीन वर्षांनी नवी पिन हवी. झिजलेली पिन आवाज तर बिघडवतेच, शिवाय खाचेच्या भिंती खरवडून तबकडीचे कायमचे नुकसान करते. पिन उड्या मारू लागली की टोनआर्मवर नाणे ठेवण्याची जुनी युक्ती म्हणूनच वाईट. बहुतेक कार्ट्रिजना दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. नेमका भार मोजणारा छोटा काटा बाजारात मिळतो. भार फार कमी असला तरीही पिन खाचेत नीट बसत नाही आणि नुकसान होतेच.

७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांसाठी वेगळी, जाड टोकाची पिन लागते. एलपीची बारीक पिन त्या रुंद खाचेच्या तळाशी घासत राहते आणि खरखर वाढते. या तबकड्या लाखेपासून बनलेल्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्या कधीही स्पिरिटने पुसू नयेत. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड पुरे.

सूर लांबत-आखडत असेल, गाणारा डोलत गातो आहे असे वाटत असेल, तर टर्नटेबलचा रबरी बेल्ट सैल झालेला असतो. आवाजाचे बटण फिरवताना करकर होत असेल, तर आतील संपर्कबिंदूंवर धूळ आणि गंज साचलेला असतो. स्पीकरची जाळी काढून वूफरच्या कोनाची कड पाहावी. सत्तर-ऐंशीच्या दशकातील अनेक स्पीकरांत ही कड फोमची असे. दमट हवेत तो फोम दहा-वीस वर्षांत भुसभुशीत होतो आणि बोट लावताच त्याचा चुरा पडतो. असा स्पीकर फेकायची गरज नसते, कारागीर नवी कड चिकटवून देतात. आतले कंडेन्सर सुकले असतील, तर तेही बदलता येतात.

एक चूक तर फुकटात दुरुस्त होते. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्जाचा आवाज परस्पर मारला जातो. आवाज पोकळ वाटत असेल, तर आधी लाल-काळ्या तारा तपासाव्यात.

कानाचे म्हातारपण

पिन खाचेत थरथरते, कार्ट्रिज त्या थरथरीचे काही मिलिव्होल्टच्या विजेत रूपांतर करते. कानातही तेच घडते. कानाचा पडदा हलतो, तीन चिमुकली हाडे ती हालचाल आत पोहोचवतात आणि कॉक्लिया नावाच्या शंखाकृती नळीतील केसपेशी तिचे विद्युतसंदेशात रूपांतर करतात. ही नळी उलगडली, तर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर भरेल. तिच्या तोंडाशी असलेल्या पेशी तारस्वर टिपतात, टोकाकडच्या पेशी खर्ज. प्रत्येक कानात अशा सुमारे १५ हजार पेशी असतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. झिजलेली पिन बदलता येते, केसपेशी बदलता येत नाही.

वयानुसार सर्वांत आधी तोंडाजवळच्या, म्हणजे तारस्वरांच्या पेशी जातात. तरुण कानाला २० ते २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात असे मानतात. साठीनंतर अनेकांना दहा-बारा हजारांच्या वरचे फारसे काही ऐकू येत नाही. गायकाचा मूळ स्वर शे-पाचशे हर्ट्झच्या परिसरात असतो, त्यामुळे गाणे ऐकू येत राहते. हरवते ती त्याची झळाळी. जवारीतून उमटणारी उपस्वरांची रांग, झांजेची किणकिण, गायकाच्या श्वासाचा स्पर्श हे सारे वरच्या पट्टीत असते. नेमक्या याच गोष्टी ‘जुन्या यंत्रात येत नाहीत’ म्हणून दोष स्पीकरवर जातो.

वय हे एकच कारण नाही. कारखान्यातील वा रहदारीतील गोंगाट, मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने केसपेशींना इजा करू शकतात.

यातला फसवा भाग असा, की ऱ्हास हळूहळू होतो आणि मेंदू त्याला सरावतो. ‘आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत’ ही पहिली खूण. स, श, फ, ख ही व्यंजने वरच्या पट्टीत असल्याने ‘सात’ आणि ‘हात’ यांत गल्लत होऊ लागते. घरातली माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात असे वाटू लागते. दुसरी खूण म्हणजे ट्रेबलचे बटण वाढवले, तर गाणे स्पष्ट होण्याऐवजी कर्कश होते. केसपेशी कमी झालेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही आणि जरा मोठा केला की तो टोचतो. सोसेल असा मधला पट्टाच अरुंद झालेला असतो. नवा ट्वीटर हा पट्टा रुंद करू शकत नाही.

दोष कोणाचा?

वैद्यकात निदानाआधी उपचार करत नाहीत. इथेही तोच नियम लावावा. सोपी चाचणी घरीच करता येते.

समजा, डावीकडचा आवाज मंद वाटतो. दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मध्ये बसावे, गाणे चालू ठेवावे आणि स्पीकरांकडे पाठ करावी. मंद आवाज आता उजव्या हाताला गेला, तर दोष यंत्रात किंवा खोलीत आहे. पाठ फिरवूनही तो डावीकडेच राहिला, तर दोष डाव्या कानात असण्याची शक्यता मोठी.

यंत्र दोषी ठरले, तर अॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही स्पीकरांच्या तारांची अदलाबदल करावी. मंदपणा त्याच स्पीकरबरोबर राहिला, तर स्पीकर बिघडला आहे. तो दुसऱ्या स्पीकरमधून येऊ लागला, तर बिघाड मागे, अॅम्प्लिफायर किंवा कार्ट्रिजमध्ये आहे.

दोन्ही कान सारखेच मंदावले असतील, तर ही चाचणी काही सांगणार नाही. तिथे घरातल्या विशीतल्या मुलाची मदत घ्यावी. त्याला तबकडीतली किणकिण स्पष्ट ऐकू येते आणि आजोबांना येत नाही, असे असेल तर उत्तर मिळालेच. एलपीच्या फक्त शेवटच्या गाण्यात आवाज फाटत असेल, तर मात्र कानाला दोष देऊ नये. तबकडीच्या आतल्या वर्तुळात खाचेचा वेग बाहेरच्या निम्म्याहून कमी असतो. तिथे झिजलेली किंवा तिरकी बसवलेली पिन लगेच उघडी पडते.

खोली आणि आवाजाची पातळी

फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत आवाज आपटून परत येतो आणि शब्द पुसट होतात. मंदावलेल्या कानाला हा घुमारा अधिकच त्रास देतो. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट हा सर्वांत स्वस्त उपचार. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत, भिंतीपासून थोडे पुढे आणि ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे ठेवावेत. रेकॉर्ड प्लेअर स्पीकरवर ठेवू नये. स्पीकरची थरथर पिनपर्यंत पोहोचून घूं असा आवाज येतो.

हळू आवाजात गाणे पोचट का वाटते, याचे उत्तरही कानातच आहे. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले, की आवाज कमी केला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त प्रमाणात कमी ऐकू येतो. जुन्या अॅम्प्लिफायरवरचे ‘लाउडनेस’ बटण याचसाठी असे. रात्री हळू ऐकताना ते चालू करावे, आवाज मोठा ठेवल्यास बंद.

पण हरवलेली झळाळी परत आणण्यासाठी आवाज वाढवत नेणे हा सापळा आहे. अमेरिकेच्या निऑश या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास चालतो. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला एक तास. शेजारच्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर आवाज घातक पातळीकडे गेला आहे. ऐकल्यानंतर कानात शीळ वाजत राहिली, तर केसपेशींना मार बसला असे समजावे.

दुरुस्ती करताना

जुना सेट स्वतः उघडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. वाल्व्हच्या सेटमध्ये ती कित्येकशे व्होल्ट असू शकते. हे काम माहीतगाराकडेच द्यावे. सोल्डरिंगच्या धुरातील रोझिन दम्याला चाळवते आणि जुन्या डागणीत शिसे असते. खिडकी उघडी ठेवावी, नंतर साबणाने हात धुवावेत. दम्याच्या रुग्णाने बुरशी धरलेली कव्हरे मास्क लावूनच झटकावीत.

कानाची तपासणी

पन्नाशीनंतर एकदा कानाची तपासणी, ऑडिओमेट्री, करून घ्यावी. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि अनेक जिल्हा रुग्णालयांत ती होते. वेदना नाही, सुई नाही, साधारण अर्ध्या तासाचे काम. कित्येकदा कारण निव्वळ साचलेला मळ असतो आणि तो काढताच गाणे पूर्ववत ऐकू येते. बड, हेअरपिन किंवा रस्त्यावरच्या कान साफ करणाऱ्याचा प्रयोग मात्र करू नये. त्याने मळ आत ढकलला जातो, प्रसंगी पडदा फाटतो.

एका कानाचे ऐकू येणे अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कमी झाले, तर ती तातडीची बाब आहे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. काही दिवसांत स्टिरॉइड सुरू झाल्यास श्रवण परतण्याची शक्यता वाढते. ‘सर्दीने कान भरला असेल’ म्हणून वाट पाहण्यात ती संधी निघून जाते. एकाच कानात सतत शीळ वाजणे, कान वाहणे किंवा चक्कर येणे हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

हा प्रश्न केवळ गाण्याच्या शौकाचा नाही. ऐकू न येणारा माणूस हळूहळू गप्पांतून, समारंभांतून, फोनवरून मागे सरतो. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाशी निगडित अशा बदलता येण्याजोग्या १४ जोखमींची यादी दिली, त्यात श्रवणऱ्हास आहे. श्रवणयंत्राची लाज बाळगण्याचे कारण म्हणूनच नाही. चष्मा लावताना कोणी लाजत नाही. बहुतेक श्रवणयंत्रे बोलणे स्पष्ट व्हावे अशी जुळवलेली असतात, त्यामुळे त्यांतून संगीत चिरके वाटू शकते. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून द्या, असे ऑडिओलॉजिस्टला स्पष्ट सांगावे. शक्य तर आवडती रेकॉर्ड मोबाइलवर घेऊन जावी आणि ती ऐकतच यंत्र जुळवून घ्यावे. आर्थिक अडचण असलेल्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते.

खर्चाचा क्रम मग असा ठेवावा. आधी कान, मग पिन आणि बेल्ट, मग सतरंजी आणि स्पीकरची जागा, आणि सर्वांत शेवटी नवे स्पीकर. अनेक घरांत शेवटच्या पायरीपर्यंत जाण्याची वेळच येणार नाही.