इंजिन उतरलंय, तर बिल्ज पंपही बदलून घ्या

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या स्पीडबोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात. ज्यांची इंजिनं बोटीच्या पोटात असतात, त्यांची इंजिनं कामासाठी बाहेर निघतात. एरवी त्या इंजिनाखाली हात घालायचा तर पोटावर झोपून, एका हातात टॉर्च धरून चाचपडावं लागतं. आता तिथे माणूस आरामात बसू शकतो. बिल्ज पंपाचं काम काढायचं ते याच दिवसांत.

बिल्ज म्हणजे बोटीच्या तळाचा सगळ्यात खोल भाग. शाफ्टच्या ग्लँडमधून झिरपलेलं, लाटेबरोबर आत आलेलं, पावसाचं, सगळं पाणी तिथे साचतं. फ्लोट स्विच वर उचलला गेला की पंप सुरू होतो आणि पाणी बाहेर फेकतो. यंत्र साधंच आहे. माझ्या मते मात्र पंपापेक्षा त्याच्या वायरी आणि फ्लोट स्विच आधी दगा देतात. म्हणून नुसता पंप बदलून थांबू नका. होज, क्लॅम्प, स्विच, वायर सगळं एकदमच नवं घाला; इंजिन परत बसलं की तिथवर हात पोचणार नाही.

सुरुवात साफसफाईने. काळा चिकट थर डिग्रीझरने काढा. ते पाणी समुद्रात सोडू नका, डब्यात भरून ठेवा. तळ स्वच्छ झाला की थोडं पाणी ओतून ते कुठे जमतं ते पाहा. इथेच अनेकजण फसतात: किनाऱ्यावर टेकू दिलेली बोट पाण्यातल्यापेक्षा वेगळ्या कोनात उभी असते, शिवाय इंजिनांचं वजनही आत नसतं. त्यामुळे जमिनीवरची सखल जागा पाण्यात सखल राहीलच असं नाही. जुन्या पंपाची जागा आणि आतल्या बाजूला उमटलेली पाण्याची रेघ, या दोन्ही खुणा पुसण्याआधी मार्करने उतरवून घ्या.

पंप थेट फायबरच्या तळाला स्क्रूने ठोकू नका. त्या भोकांतून पाणी आतल्या लाकडात शिरतं आणि लाकूड कुजतं. फायबरचीच जाड पट्टी इपॉक्सीने तळाला चिकटवा आणि पट्टीच्या जाडीपेक्षा आखूड स्क्रू वापरून पंप तिच्यावर बसवा.

आता क्षमता. समजा पंपाच्या डब्यावर 2000 गॅलन लिहिलेलं आहे, म्हणजे तासाला साधारण 7,570 लिटर. पण हा आकडा होज न जोडता, पाणी वर न चढवता मोजलेला असतो. मीटरभर उंची, होजची वळणं आणि कमी व्होल्टेज मिळून त्यात चांगलीच घट होते. दुसऱ्या बाजूने हिशेब करा: पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर 5 सेंटिमीटर व्यासाचं भोक पडलं, तर मिनिटाला साधारण 240 लिटर पाणी आत येतं. हा पंप डब्यावरच्या आकड्याने चालला तरी मिनिटाला 126 लिटरच फेकेल. म्हणजे पंप भोकावरचा इलाज नाही. तो फार तर किनारा गाठायला वेळ देतो. म्हणून दोन पंप असावेत: एक लहान, अगदी तळाशी; दुसरा मोठा, थोडा वर, वेगळ्या फ्लोट स्विचवर आणि अलार्मसकट. दोघांचे होज वेगवेगळे, बाहेर पडायची तोंडंही वेगवेगळी.

होज आतून गुळगुळीत घ्या. वळ्यांचा होज स्वस्त पडतो, पण पाणी अडवतो. होज सतत चढता ठेवा, मध्ये झोळ पडू देऊ नका. बाहेरचं तोंड पाण्याच्या पातळीच्या बरंच वर हवं, नाहीतर बोट कलली की समुद्रच उलटा आत येतो. होजमधलं पाणी मागे येतं म्हणून काहीजण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालतात. तो मोह टाळा. कचऱ्याने व्हॉल्व्ह अडकतो, आणि होजमध्ये हवा कोंडली की पंप नुसताच गरगरतो.

वायर टिनचा मुलामा दिलेली तांब्याची घ्या. साध्या तांब्याला खारं पाणी हिरवं करून टाकतं. लांबीच्या मानाने ती पुरेशी जाड असावी. 12 व्होल्टच्या बोटीत पंपापर्यंत पोचताना 0.36 व्होल्टपेक्षा जास्त, म्हणजे 3 टक्क्यांहून अधिक, घट नको. सांधे क्रिंप करून वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा आणि पाणी पोचणार नाही इतके उंच बांधा. ऑटोमॅटिकची लाइन मेन स्विचच्या आधी, सरळ बॅटरीवरून घ्या, म्हणजे बोट बंद करून घरी गेलात तरी पंप जागा राहील. फ्यूज बॅटरीजवळ, कंपनीने सांगितलेल्याच अँपिअरचा. मोठा घातलात तर पंपाचा पंखा अडकल्यावर फ्यूज उडत नाही, वायर जळते. पेट्रोल इंजिन असेल, तर त्या खणातली विजेची वस्तू ठिणगी बाहेर न पडणारीच हवी.

इंजिन परत चढवण्याआधी बादल्यांनी पाणी ओतून दोन्ही पंप आपोआप सुरू होतात आणि बंद होतात का ते पाहा. मग बोट पाण्यात उतरवण्याच्या दिवशी आधी ड्रेन प्लग घट्ट आहे ना ते तपासा, आणि उतरल्यावर पहिला तासभर एक माणूस बिल्जपाशी बसवून ठेवा.